डीबीएममध्ये ३० टक्के जुन्या काँक्रीटची खडी: हिशेबात डांबर जास्त, डोळ्याला मिक्स कोरडं

चाळण_२६५ यांचा प्रश्न

महापालिका हद्दीतला डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता आहे. डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकॅडम, वरच्या थराखालचा डांबरी थर) ग्रेडिंग २, थर ५० मिमी, डांबर व्हीजी-३० श्रेणीचं, करार एमओआरटीएचच्या (केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या रस्ता-कामाच्या मानकांच्या) पाचव्या आवृत्तीप्रमाणे. राडारोडा प्रक्रिया केंद्रातली काँक्रीटची खडी (पुढे आरसीए म्हणतो), २० आणि १० मिमी, एकूण खडीच्या वजनाने ३० टक्के घातली आहे. बाकी सगळी काळी खडी आणि कच (दगडाचा चुरा).

आरसीएच्या चाचण्या: इम्पॅक्ट व्हॅल्यू (आघाताने होणारा चुरा) २४, पाणी शोषण ५.१ टक्के, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी बल्क (दाण्यातली छिद्रं धरून) २.३५ आणि अपॅरंट (छिद्रं वगळून) २.६७. काळी खडी: शोषण १.० टक्का, बल्क २.८५, अपॅरंट २.९३.

४.६ टक्के डांबरावर मार्शल चाचणीचे (माल मोल्डमध्ये ठोकून घेतात ती) आकडे:
जीएमबी (ठोकलेल्या मालाची घनता) २.४०७, जीएमएम (पोकळी न धरता मालाची कमाल घनता) २.५१०, पोकळी ४.१ टक्के, व्हीएमए (खडीच्या दाण्यांमधली एकूण जागा, टक्के) १९.३, व्हीएफबी (त्या जागेतला डांबराने भरलेला भाग, टक्के) ७९, स्टॅबिलिटी (ताकद) १२.८ केएन, फ्लो (दबणं) ३.१ मिमी.

अडचणी तीन आहेत.
१) व्हीएफबी ७५ च्या वर जातो, म्हणजे हिशेबाने डांबर जास्त झालं. पण मिक्स डोळ्याला कोरडं दिसतं, चकाकी नाही, रंग तपकिरी.
२) प्लांटवर काढलेला ट्रायलचा माल तीन तासांनी तपासला तर जीएमएम २.५४३ निघतो. तेवढ्याच जीएमबीला पोकळी ५.३ होते.
३) टीएसआर (पाण्यात ठेवलेल्या नमुन्याची ताण सोसण्याची ताकद कोरड्याच्या किती टक्के उरते ते) ६८. किमान ८० हवा. स्ट्रिपिंगच्या साध्या चाचणीत मात्र ९५ च्या वर पास.

शिवाय सल्लागारांचं म्हणणं आहे की शोषण २ टक्क्यांच्या आत नाही, म्हणून आरसीए घेताच येणार नाही. डांबर कमी करायचं की वाढवायचं, आणि टीएसआर कशाने सुधारेल?

---

मार्शल_पंचाहत्तर

डांबर वाढवायचं. तुमचा व्हीएफबी चुकीचा आलाय. व्हीएमए काढताना अपॅरंट ग्रॅव्हिटी धरली गेली आहे. पडताळून बघा:

अपॅरंटने एकत्रित ग्रॅव्हिटी = १०० ÷ (३०/२.६७ + ७०/२.९३) = २.८४७
व्हीएमए = १०० − (२.४०७ × ९५.४ ÷ २.८४७) = १९.३. हाच तुमचा आकडा.

बल्कने एकत्रित ग्रॅव्हिटी = १०० ÷ (३०/२.३५ + ७०/२.८५) = २.६७९
व्हीएमए = १०० − (२.४०७ × ९५.४ ÷ २.६७९) = १४.३

पोकळी ४.१ धरली तर व्हीएफबी ७१ येतो. आणि तीन तासांनंतरची ५.३ पोकळी धरली तर ६३, म्हणजे खालच्या ६५ च्याही खाली. तुमचे डोळे बरोबर सांगत होते.

निव्वळ काळ्या खडीवर ही चूक खपून जाते, कारण तिथे बल्क आणि अपॅरंटमध्ये ०.०८ चाच फरक असतो. आरसीएमध्ये तो ०.३२ आहे. व्हीएमए नेहमी बल्कवरच काढायचा, अगदी सवयीचं मिक्स असलं तरी.

आता दुसरी अडचण. जुन्या काँक्रीटच्या खडीला सिमेंट-वाळूचा मसाला चिकटलेला असतो. आपल्याकडच्या आरसीएत दगड बहुतेक काळाच असतो आणि तो चांगलाच असतो. शोषण, वजन, झीज असे सगळे प्रश्न त्या मसाल्याचे. त्याची बारीक छिद्रं डांबर एका क्षणात पीत नाहीत, गरम मालात तासन् तास पीत राहतात. मिक्स करून लगेच ठोकलेल्या मोल्डमध्ये डांबर अजून खडीच्या बाहेर असतं, म्हणून पोकळी ४.१ दिसते. डंपरमध्ये तीन तास गेले की तेच डांबर आत शिरलेलं असतं. जीएमएम वाढतो तो त्यामुळेच.

किती डांबर आत गेलं ते तुमच्याच आकड्यांवरून निघतं. जीएमएम २.५४३ आणि डांबर ४.६ टक्के, म्हणजे इफेक्टिव्ह ग्रॅव्हिटी (डांबर न शिरलेली छिद्रं तेवढी धरून) २.७४. डांबराची ग्रॅव्हिटी १.०२ धरली आहे.
शोषलेलं डांबर = १०० × (२.७४ − २.६७९) ÷ (२.७४ × २.६७९) × १.०२ = खडीच्या वजनाच्या ०.८५ टक्के.

म्हणजे ४.६ मधलं कामाचं डांबर उरलं ३.८ टक्के. शुद्ध काळ्या खडीच्या डीबीएममध्ये ४.५ टक्के डांबर घातलं तर साधारण ४.२५ कामाला येतं. तुमचं मिक्स कागदावर किमान ४.५ च्या वर आहे, प्रत्यक्षात उपाशी आहे. फिल्म पातळ, रंग तपकिरी आणि टीएसआर ६८, तिन्हींचं मूळ हेच.

हिशेबाने ५.२ टक्क्यांच्या आसपास जावं लागेल. ५.२ ला जीएमएम २.५१९ येईल. ४ टक्के पोकळीला जीएमबी २.४१८, व्हीएमए १४.४, व्हीएफबी ७२ आणि कामाचं डांबर ४.४. हे गणित झालं. प्रत्यक्ष ४.६, ४.९, ५.२, ५.५ असे चार संच ठोकून बघा, मात्र पुढच्या पद्धतीने:

मिक्स केल्यावर माल ट्रेमध्ये २५ ते ५० मिमी जाडीने पसरा आणि कॉम्पॅक्शनच्या तापमानाला ओव्हनमध्ये ठेवा. नेहमीच्या मिक्सला दोन तास पुरतात. आरसीए असेल तर प्लांट ते पेव्हर जितका वेळ लागतो तितका किंवा दोन तास, यातलं जे जास्त असेल ते. दर तासाला पलटा. त्यानंतरच मोल्ड भरायचा, आणि जीएमएमचा नमुनाही याच ट्रेमधून घ्यायचा. मोल्ड एका वेळेचा आणि जीएमएम दुसऱ्या वेळेचा असला की पोकळीच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

आणखी एक. ३० टक्के वजनाने म्हणजे आकारमानाने ३४ टक्के. चाळणीचा वक्र मुळात आकारमानाचा असतो. सगळ्या खडीची ग्रॅव्हिटी सारखी असेल तेव्हा वजनाने चालतं, इथे नाही. ३० टक्के आकारमान हवं असेल तर वजनाने २६ टक्केच घ्या.

स्ट्रिपिंग चाचणी पास होण्याचं नवल नाही. सिमेंटचा मसाला अल्कलीधर्मी, त्याला डांबर चांगलं धरतं, आणि ती चाचणी २४ तास ४० अंशाच्या पाण्यात ठेवून नुसती डोळ्यांनी बघायची असते. तिथे माल ठोकला जात नाही, त्यामुळे मसाला फुटून उघडा पडलेला पृष्ठभाग तिच्यात दिसतच नाही. टीएसआरमध्ये दिसतो. आरसीएसाठी टीएसआरच खरी चाचणी माना.

टीएसआरसाठी क्रमाने करा: आधी डांबर बरोबर करा, मग आरसीए पूर्ण वाळवा, मग दगडी कचेतल्या फिलरऐवजी (अगदी बारीक भुकटीऐवजी) २ टक्के हायड्रेटेड चुना घाला. तिन्ही एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही आणि चुन्याचा खर्च उगाच डोक्यावर बसेल.

---

ड्रमची_आग

वरचं गणित पटलं. पण हे मिक्स प्लांटवर बिघडतं ते दुसऱ्याच ठिकाणी, ओलाव्यावर.

काळी खडी पावसात भिजली तरी पाणी वरवर असतं, खडी तापवणाऱ्या ड्रममध्ये लगेच उडतं. आरसीएचं पाणी छिद्रांत असतं. ड्रममधून बाहेर पडताना खडीचं तापमान १६० दाखवतं आणि आतून ती ओली असते. मग पगमिलमध्ये (प्लांटच्या मिक्सरमध्ये) डांबर पडलं की वाफ निघते, डांबराला फेस येतो, माल डंपरमध्ये ढिगासारखा न राहता सपाट पसरतो. पाहणारा म्हणतो डांबर जास्त झालं, आणि ऑपरेटर डांबर कमी करतो. इथेच घात होतो. सपाट पसरलेला माल दिसला की आधी ओलावा तपासा.

आरसीए शेडखाली, उताराच्या काँक्रीट तळावर ठेवा. कोल्ड फीडला (थंड खडी प्लांटला पुरवतात तिथे) तिच्यासाठी स्वतंत्र बिन, म्हणजे कप्पा, हवा. काळ्या २० मिमीच्या बिनमध्ये लोडरने अंदाजे मिसळू नका, कारण दोघींची ग्रॅव्हिटी वेगळी आणि ओलावाही वेगळा. रोज सकाळी फक्त आरसीएचा ओलावा काढा. ३ टक्क्यांच्या वर असेल तर उत्पादन कमी करा. १२० टनी प्लांट ८०–९० वर चालवला की खडी ड्रममध्ये जास्त वेळ राहते. ते न करता ज्योत वाढवून खडी १९० ला नेणं हा उपाय नव्हे. बाहेरचा मसाला तडकतो आणि त्यावर पडणारं डांबर जळकट होतं. व्हीजी-३० साठी खडी १५०–१७०, डांबर १५०–१६५, या पट्ट्यातच राहा.

इंधन: ६ टक्के ओलावा म्हणजे टनामागे ६० किलो पाणी. ते उडवायला साधारण १५५ मेगाज्यूल लागतात. बर्नर आणि ड्रमचा तोटा धरला तर आरसीएच्या दर टनाला ५ ते ६ लिटर डिझेलइतकं इंधन, तेही फक्त पाण्यासाठी.

ड्रममध्ये आरसीए घासली जाते, मसाला सुटतो आणि तो बारीक होऊन पहिल्या हॉट बिनमध्ये (तापलेल्या खडीच्या कप्प्यात) आणि बॅगहाउसमध्ये (धूळ गाळणाऱ्या पिशव्यांत) जातो. कोल्ड फीडवर जुळवलेली ग्रेडिंग हॉट बिनला जुळत नाही. ट्रायलच्या दिवशी अर्धा तास प्लांट चालल्यावर चारही हॉट बिनचे नमुने चाळा आणि कचेचं प्रमाण तिथून ठरवा. बहुतेक वेळा कच दोन-तीन टक्क्यांनी कमी करावी लागते. ७५ मायक्रॉनवर खास लक्ष ठेवा. फिलर आणि कामाच्या डांबराचं प्रमाण ०.६ ते १.२ मध्ये हवं. बॅगहाउसची धूळ परत फिरवत असाल तर ते सहज १.५ ला जातं आणि मिक्स पुन्हा कोरडं पडतं.

रोलिंगमध्ये पहिल्या फेऱ्या टँडम रोलरने व्हायब्रेशन बंद ठेवून किंवा कमी ॲम्प्लिट्यूडवर, मग पीटीआर (रबरी टायरचा रोलर). ५० मिमीच्या थराला जोरात व्हायब्रेशन दिलं की २० मिमीचे दाणे फुटतात आणि फुटलेली बाजू डांबराशिवाय उघडी राहते. कोअर काढून डांबर धुऊन घ्या आणि ४.७५ मिमीखालचा माल हॉट बिनच्या हिशेबाशी ताडून बघा. वाढ ३–४ टक्क्यांच्या वर असेल तर रोलरची पद्धत बदला. मालाचं तापमान पेव्हरवर १४० च्या खाली आणि रोलिंग संपताना ९० च्या खाली जाऊ देऊ नका. हे मिक्स मुळातच जरा ताठ असतं, थंड पडलं की दबत नाही आणि मग लोक व्हायब्रेशन वाढवतात.

---

चाळण_२६५

बल्कचा मुद्दा तपासला. प्रयोगशाळेच्या शीटमध्ये अपॅरंटचाच रकाना जोडलेला आहे. आभार.

आता शोषणाचं काय? सल्लागार २ टक्क्यांवर अडून आहेत. एकत्रित खडीवर चाचणी केली तर चालेल का? आणि आरसीएवर आधी इमल्शनचा हात देऊन ठेवला तर?

---

मार्शल_पंचाहत्तर

एकत्रित शोषण तुमच्या प्रमाणात ०.३ × ५.१ + ०.७ × १.० = २.२ टक्के येतं, म्हणजे तसंही नापास. २० टक्क्यांना १.८ येईल. पण एकत्रित आकडा दाखवून वेळ मारून नेऊ नका. डांबर पिणारी खडी सरासरीने पीत नाही. प्रत्येक आरसीएचा दाणा स्वतःच्या ५.१ नेच पितो. सल्लागारांचा हट्ट रास्त आहे. कराराबाहेर जायचं तर आरसीएचे आकडे वेगळे, मिक्सचे वेगळे, असं दोन्ही मांडून लेखी मंजुरी घ्या. आणि हे सगळं डीबीएमपुरतंच. वरच्या बीसीमध्ये (बिटुमिनस काँक्रीट, थेट चाकाखालचा थर) आरसीए घालू नका. तिथे इम्पॅक्ट २४ च्या आत आणि पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यू किमान ५५ लागते, शिवाय चाकांचं घर्षण थेट बसतं. मसाला सुटून वरचा थर खरबरीत व्हायला वेळ लागत नाही.

इम्पॅक्टच्या २४ वरही फार विसंबू नका. डीबीएमची मर्यादा २७ म्हणून पास आहे, पण ती चाचणी फक्त १२.५ ते १० मिमी आकाराच्या दाण्यांवर होते. सोबत लॉस एंजेलिस झीज चाचणी घ्या (डीबीएमला ३५ पर्यंत), आणि साउंडनेसही (सल्फेटच्या द्रावणात दगड किती टिकतो ते): सोडियम सल्फेट १२, मॅग्नेशियम सल्फेट १८ च्या आत.

इमल्शनने शोषण घटतं, कारण छिद्रांची तोंडं आधीच बंद होतात. आरसीएच्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत इमल्शन मारून, पूर्ण फुटून वाळू द्यायचं. पण मग तो डांबर लागलेला माल ड्रमच्या ज्योतीसमोर घालता येत नाही. धूर होतो, डांबर जळतं, बॅगहाउसच्या पिशव्या चिकट होतात. प्लांटला जुन्या डांबरी मालासाठी वेगळी कॉलर (ज्योतीपासून दूर माल आत घालायची जागा) असेल तरच तिथून घाला. नसेल तर हा नाद सोडा.

---

थरावर_थर

तांत्रिकदृष्ट्या जमेल हे वर नीट आलंच आहे. माझा मुद्दा जागेचा आहे. हीच खडी या रस्त्यावर दोन थर खाली घातली तर जास्त काम करेल. खर्च एका घनमीटरवर मांडून बघा, कारण डीबीएमचं बिल घनमीटरवर निघतं.

काळ्या खडीचं डीबीएम: घनता २.५४७ धरली तर घनमीटरला खडी २,४३२ किलो, डांबर ११५ किलो.
३० टक्के आरसीएचं: घनता २.४१८, काळी खडी १,६०४, आरसीए ६८८, डांबर १२६ किलो.

काळी खडी ८२८ किलो वाचली, डांबर ११ किलो वाढलं. समजा काळी खडी प्लांटपोच टनाला ७०० रुपये, आरसीए ४००, डांबर किलोला ५०. खडीत वाचले ५८०, आरसीएला गेले २७५, डांबराला ५५०. घनमीटरमागे अंदाजे २४५ रुपये अंगावर, आणि इंधन अजून धरलेलंच नाही. आरसीए फुकट मिळाली तरच जेमतेम हातातोंडाशी येतं. दर आपापल्या भागातले घाला, पण या दरांना डांबराचा भाव खडीच्या भावाच्या ७० पट आहे हे लक्षात ठेवा. शिवाय ८२८ किलो दगड वाचवायला ११ किलो पेट्रोलियमचा माल जास्त वापरायचा, हे पर्यावरणाच्या नावाने करणं मनाला पटत नाही.

जीएसबी (खडीचा सगळ्यात खालचा थर) आणि डब्ल्यूएमएममध्ये (त्यावरचा, पाणी मिसळून दाबलेल्या खडीचा थर) डांबरच नाही, त्यामुळे छिद्रं फक्त पाणी पितात. इम्पॅक्टची मर्यादाही सैल: जीएसबीला ४०, डब्ल्यूएमएमला ३०. आयआरसी:१२१-२०१७ ही मार्गदर्शिका राडारोड्याच्या रस्त्यातल्या वापरासाठीच आहे. सल्लागारांपुढे ती ठेवली की वाद निम्मा संपतो. आयआरसी:१२०-२०१५ पुढे करू नका, ती जुना डांबरी थर परत वापरण्याची आहे. कार्यालयांत ‘रिसायकल’ शब्दापायी या दोन्हींची कायम सरमिसळ होते.

जीएसबीत घालताना चुका कुठे होतात ते सांगतो.

पाणी कमी पडतं. काळ्या खडीच्या जीएसबीची सवय असलेला माणूस ६–७ टक्के पाणी मारतो. आरसीएचं ओएमसी (सर्वांत चांगल्या दाबाईला लागणारं पाणी) १०–१२ टक्क्यांच्या घरात असू शकतं. ढीग आदल्या दिवशी भिजवून ठेवा, म्हणजे छिद्रं भरतात आणि पसरताना मारलेलं पाणी दाबाईला उरतं. नाहीतर रोलर फिरत राहतो आणि माल सुटाच.

घनता चुकीच्या आकड्याशी ताडली जाते. आरसीएची कमाल कोरडी घनता काळ्या खडीपेक्षा बरीच कमी, २.० च्या आसपास येते. प्रॉक्टर (ही कमाल घनता आणि ओएमसी काढायची चाचणी) त्याच मालावर करा, आणि केंद्रातून आलेला लॉट बदलला की परत करा. दाबाई ९८ टक्के हवी ती त्याच आकड्याच्या. घनता सँड रिप्लेसमेंटने घ्या. न्यूक्लिअर गेज सिमेंटमध्ये बांधलेलं पाणीही ओलावा म्हणून मोजतो आणि कोरडी घनता कमी दाखवतो.

निचऱ्याचा थर आरसीएचा करतात. हे मुळीच करू नका. ताज्या फुटलेल्या काँक्रीटमधून चुना विरघळून बाहेर येतो, पाण्याचा पीएच ११ च्या पुढे जातो, आणि हवेशी गाठ पडली की त्याचा पांढरा थर जमतो. जिओटेक्स्टाइल आणि निचऱ्याच्या नळ्या त्याने बुजतात. अमेरिकेत काँक्रीटच्या खडीचा पाया मोठ्या प्रमाणावर वापरतात, तिथे हा त्रास चांगलाच माहीत आहे. आपल्या चार महिन्यांच्या पावसात नळी बुजली की वरचा डांबरी थर कितीही चांगला असो, तो खालून सडतो. खालची निचऱ्याची पट्टी धुतलेल्या काळ्या खडीची ठेवा, आरसीए तिच्या वर.

एक जमेची बाजूही आहे. आरसीएच्या बारीक मालात थोडं न भिजलेलं सिमेंट उरलेलं असतं. नीट दाबलेला थर काही आठवड्यांत घट्ट होत जातो. त्यामुळे ४.७५ खालचा माल, जो डांबरात सगळ्यात त्रासदायक, तो इथे उपयोगी पडतो. फक्त ७५ मायक्रॉनखाली ५ टक्क्यांच्या आत ठेवा.

---

खडी_निवडक

माल निवडण्याबद्दल थोडं, कारण वरचा सगळा हिशेब एकाच लॉटवर उभा आहे.

राडारोड्यात विटा, टाइल, पीओपी, लाकूड, सगळं येतं. केंद्राकडून ‘मिश्र’ आणि ‘फक्त काँक्रीट’ असे वेगळे ढीग मागा. त्यातही जुन्या सिमेंट रस्त्याच्या फोडलेल्या स्लॅब, प्रीकास्टचा नाकारलेला माल आणि प्रयोगशाळेत फोडलेले क्यूब हा सगळ्यात भरवशाचा कच्चा माल: मिश्रण ठाऊक, प्लास्टर नाही, पीओपी नाही. पाडलेल्या इमारतीतलं काँक्रीट त्याच्या खालचं.

लॉट आला की १०–२० किलो नमुना ४ मिमीवर चाळून, धुऊन, हाताने निवडा: काँक्रीट, मोकळा दगड, वीट-टाइल, डांबरी तुकडे, काच, आणि तरंगणारं. युरोपात ईएन ९३३-११ प्रमाणे हेच करतात, यंत्र काही लागत नाही, दोन माणसं आणि दीड-दोन तास. वीट दिसायला थोडी असली तरी तिचं शोषण १५ टक्क्यांच्या घरात जातं, ती एकटी सगळा आकडा बिघडवते. पीओपी ड्रममध्ये पाणी सोडून भुकटी होतं. जीएसबीत गेलं तर शेजारच्या काँक्रीटच्या गटारांना सल्फेटचा धोका. डांबरासाठी वीट-टाइल वजनाने १ टक्क्याच्या वर आणि पीओपी डोळ्याला दिसण्याइतकंही असेल तर लॉट परत करा.

चिकटलेला मसाला किती ते काढायचं असेल तर नमुना दोन तास पाण्यात, मग ५०० अंशाच्या भट्टीत दोन तास, आणि तसाच गार पाण्यात. मसाला तडकून सुटतो, उरलेला रबरी हातोड्याने काढा, चाळा, वजनातला फरक बघा. ४० टक्क्यांच्या वर गेला तर तो माल डीबीएमचा नाहीच.

क्रशर कोणता, हेही केंद्राला विचारा. नुसत्या जॉ क्रशरचा माल चपटा आणि मसाल्याने भरलेला असतो. जॉनंतर इम्पॅक्टर असेल तर मसाला बराच झडतो, मात्र बारीक माल जास्त निघतो. दोन टप्प्यांच्या मालाचं शोषण ५.१ वरून चारच्या खाली येऊ शकतं, आणि मग वरचा ५.२ टक्क्यांचा डांबराचा आकडा नव्याने काढावा लागेल.

---

चाळण_२६५

ठरलं ते असं: आरसीए जीएसबीच्या वरच्या भागात, खाली निचऱ्याला धुतलेली काळी खडी. डीबीएम पूर्ण काळ्या खडीचं, ४.५ टक्क्यांपासून नव्याने डिझाइन. शीटमधला ग्रॅव्हिटीचा रकाना बदलला आहे. आरसीएचा १० मिमीचा ढीग आधी हाताने निवडून घेतो आणि प्रॉक्टर त्याच लॉटवर लावतो. ओएमसी आणि घनता आली की इथेच टाकतो.